बिनमुहूर्ताची शाळा

नव्या पंचांगात लग्नाचे मुहूर्त कमी निघाले म्हणून गल्लीत पेढे वाटणारी बाई अख्ख्या भारतवर्षात एकच, आणि ती नेमकी शनिवार पेठेत माझ्या शेजारी राहायची. सुमनताई. "यंदा ज्योतिषांना सद्बुद्धी झालीय," म्हणत माझ्या हातावर पेढा आदळायच्या.

स्वतःचं जमलं नाही म्हणून जळतात, असं गल्लीचं निदान. खरं कारण वेगळं होतं. ताई स्वमग्न मुलांची शाळा चालवायच्या. सुरुवात पुढच्या खोलीत झाली: दोन-तीन मुलं आणि ताईंचा धाकटा भाऊ बाळू. बाळू पंचेचाळिशीचा. त्याच्या लहानपणी 'स्वमग्न' हा शब्द पेठेत पोचलाच नव्हता. लोक 'विचित्र' म्हणून मोकळे व्हायचे.

मुलं वाढली, खोलीच्या भिंती फुगायला लागल्या. मग ताईंनी कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाच्या अप्पांना असं धारेवर धरलं, की मुहूर्त नसेल त्या दिवशी हॉल शाळेचा झाला. मीही त्यात फुकटचा मास्तर झालो. चातुर्मासात तर ताईंचं साम्राज्यच, शाळेचे वारसुद्धा ठरलेले!

आणि मग आयटी आलं. अमेरिकेतले मुलगे चार दिवसांच्या रजेवर उतरायचे, ते विमानतळावरून थेट बोहल्यावर. मुहूर्त नाही? गुरुजी काढीव मुहूर्त काढून द्यायचे. "पंचांगाला काही धरबंधच राहिला नाही," ताई मला सुनवायच्या, जणू ते मीच छापतो.

एका श्रावणात, शाळा भरलेली असताना अप्पा धापा टाकत आले. "ताई, हॉल रिकामा करा! विसरलोच होतो, वऱ्हाड दारात आहे!"

"आज बुधवार. बुधवारी शाळा."

"मग यापुढे हॉल विसरा!"

"विसरले. पण आज मुलं हलणार नाहीत. ठरलेलं मोडलं की दिवसभर सावरत नाहीत ती. आणि तुमच्या त्या बँडचा एक ठोका पडू दे, बाळू कौलांवर चढेल. मागोमाग मी."

ताई दारात अशा रोवल्या गेल्या, की शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा परवडला. वरपिता ओरडले, "बँडशिवाय लग्न? हे काय बारसं आहे?" शेवटी नवरीच पुढे आली. कंपनीत चार तापट साहेबांना सांभाळणारी मुलगी. "काकू, बँड नको, माईक नको. अर्धा हॉल तुमचा, अर्धा आमचा. चालेल?"

पुण्याच्या इतिहासातलं पहिलं कुजबुजतं लग्न लागलं. गुरुजींनी मंगलाष्टकं इतक्या हळू म्हटली, की देवांनीही कानामागे हात धरला असेल.

आज कात्रजला संस्थेची स्वतःची इमारत आहे. त्यासाठी ताईंनी किती बिल्डर रडवले, ते सांगायला सात जन्म लागतील. पण ताई म्हटलं की मला तो बुधवार आठवतो.

अक्षता वाटत कुणीतरी आमच्यापर्यंत आलं. ताईंच्या ओंजळीतही पडल्या. ताई तशाच उभ्या.

"टाका की," मी म्हणालो.

"कधी टाकायच्या असतात हो?"

मला चेष्टा वाटली. ताई ओंजळीकडेच बघत होत्या.

"वाजंत्री सुरू व्हायच्या आत मी बाळूला घेऊन बाहेर पडायचे. सख्ख्या बहिणीच्या लग्नातसुद्धा आम्ही दोघं नदीकाठी बसून होतो."

"'सावधान' म्हटलं की टाकायच्या," मी म्हणालो.

त्यांनी अर्ध्या अक्षता बाळूच्या तळहातावर ठेवल्या, आणि दोघं गुरुजींच्या तोंडाकडे टक लावून उभे राहिले.