१ जानेवारी, मध्यरात्र, लख्ख ऊन

पाणीपुरवठा कार्यालयात डिजिटल कॅमेरा आला तो १९९९ सालच्या जून महिन्यात, आणि पहिला आठवडाभर त्याला कोणी हात लावला नाही. त्याचा ताबा कोणाकडे द्यायचा, हे ठरत नव्हतं. वस्तू महाग, म्हणजे ती चोरीला जाणार हे गृहीतच होतं. प्रश्न एवढाच होता की गेल्यावर धरायचं कोणाला. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. कॅमेरा हेडक्लार्कच्या कपाटात राहील, आणि त्यात घालायचे चार सेल स्टोअरकीपरच्या कपाटात. फोटो काढायचा असेल तेव्हा दोघांनी एकत्र यायचं, सेल घालायचे, फोटो काढायचा, सेल काढायचे आणि आपापल्या रजिस्टरात सह्या करून आपापल्या कपाटाला कुलूप लावायचं.

"म्हणजे एकट्याला चोरी करता येणार नाही," साहेब म्हणाले. "आणि तुम्हा दोघांचं पटत नाही, हे मला ठाऊक आहे."

हेडक्लार्कना सगळे शेरामास्तर म्हणत. त्यांचा शेरा घेतल्याशिवाय कार्यालयातला कागद हलत नसे. एकदा घाईगडबडीत त्यांनी पोटच्या पोरीच्या प्रगतिपुस्तकावर 'पाहिले. गणिताबाबत खुलासा मागवावा' असं लिहून खाली सही ठोकली होती. माणूस वाईट नव्हता हो. भिडस्त होता. भिडस्त आणि भित्रा यांतला फरक दाखवायची वेळ नोकरीत सहसा येत नाही, त्यामुळे तीस वर्षं त्यांचं बरं चाललं होतं.

कॅमेरा विटेएवढा जड होता. बटण दाबलं की तो चार सेकंद विचार करी आणि मग फोटो काढी. तेवढ्यात समोरचा माणूस 'झाला का?' असं विचारायला तोंड उघडी, त्यामुळे कार्यालयातल्या झाडून सगळ्यांचे फोटो तोंड उघडे असलेले निघाले. साहेबांचाही. पण तो फोटो मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तिथल्या तिथे दिसे, आणि सगळे 'वा वा' करत. जुना रिळाचा कॅमेरा याच्यापेक्षा बरे फोटो काढी. पण तसं म्हणणारा मागासलेला ठरला असता.

तिसऱ्याच फोटोला शेरामास्तरांच्या लक्षात आलं की कोपऱ्यात तारीख उमटते आणि ती १ जानेवारी १९९७ ही आहे. वेळ, मध्यरात्रीचे बारा वाजून एक मिनिट. खराब होऊ नये म्हणून माहितीपुस्तिका प्लास्टिकसकट कपाटात ठेवली होती. शेरामास्तरांनी धीर करून प्लास्टिक फाडलं. आत स्वच्छ लिहिलं होतं: सेल बाहेर काढून ठेवल्यास घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, वापरापूर्वी तारीख लावून घ्यावी. ते पुस्तिका घेऊन साहेबांकडे गेले.

"तारीख हाताने लावायची?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो मास्तर, यंत्रात उमटलेली तारीख माणसाने बदलली तर त्याला फेरफार म्हणतात. उद्या चौकशी लागली तर कोण जाणार, तुम्ही का पुस्तिका छापणारा?"

"मग सेल आतच ठेवले तर..."

"आणि दुहेरी ताब्याचं काय? यंत्र चुकत नसतं, मास्तर. तुम्ही काळजी नका करू."

शेरामास्तरांनी काळजी करायचं सोडलं आणि पुस्तिका परत कपाटात ठेवली.

या व्यवस्थेतला फायदा पहिल्यांदा टायपिस्टबाईंनी हेरला. एक दिवस त्या आपल्या फोटोची छापील प्रत घेऊन आल्या.

"मास्तर, एक जानेवारीला कार्यालयाला सुट्टी असते ना?"

"असते."

"आणि या फोटोत मी टाइप करताना दिसतेय ना?"

"दिसताय."

"मग माझी बदली रजा?"

शेरामास्तरांनी नियम काढून पाहिला. सुट्टीच्या दिवशी काम केल्यास बदली रजा एक दिवस. तेच रात्री केल्यास दोन दिवस. बाई मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाला टाइप करत होत्या, याला सरकारी पुरावा होता. नियमापुढे कोणाचं काय चालणार? त्यांनी रजा मंजूर केली. झालं, कार्यालयाला एकाएकी फोटो काढून घ्यायची हौस सुटली! जन्मात कधी फाइल न उघडलेली माणसं फाइल उघडून कॅमेऱ्यासमोर बसू लागली. महिन्याभरात सदतीसच्या सदतीस माणसांनी १ जानेवारी १९९७च्या मध्यरात्री काम केल्याचं सिद्ध झालं. त्या मध्यरात्री सगळ्या खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलं होतं. त्यावर मुख्यालयाने शंका काढू नये म्हणून शेरामास्तरांनी आधीच शेरा मारून ठेवला: 'प्रकाशव्यवस्था समाधानकारक.' मुख्यालयाने शंका काढली नाही. उलट 'अद्ययावत कार्यालय' म्हणून प्रशस्तिपत्र पाठवलं. साहेबांनी ते चौकटीत बसवलं.

शेरामास्तरांनी स्वतः ते दोन दिवस भाचीच्या लग्नासाठी घेतले. भाची म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आणि बहिणीचा नवरा याच कार्यालयात मिस्त्री होता. एकतीस वर्षं टाक्या, नळ आणि झडपा यांच्याशी झुंजलेला माणूस. निवृत्तीला आठ महिने उरले होते. बायको शेरामास्तरांना दादा म्हणे, म्हणून मिस्त्रीही दादाच म्हणत.

ऑगस्टमध्ये मिस्त्रींनी कळवलं की मोठ्या टाकीच्या लोखंडी शिडीची अकरावी पायरी गंजली आहे, तिच्यावर पाय ठेवायची सोय राहिलेली नाही. रीतसर फोटो काढून मुख्यालयाला धाडला. पंधरा दिवसांत उत्तर आलं: 'सदर पायरी १ जानेवारी १९९७ पासून गंजलेली असल्याचे छायाचित्रावरून स्पष्ट होते. ज्या अर्थी ती अडीच वर्षांहून अधिक काळ मोडलेली नाही, त्या अर्थी ती मजबूत आहे. दुरुस्तीची निकड दिसत नाही.'

"दादा, हे काय हो?" मिस्त्रींनी विचारलं.

"तूर्त त्या पायरीवर पाय ठेवू नका."

"मग दहावीवरून बारावीवर उडी मारू? या वयात?"

शेरामास्तरांनी 'बघतो' म्हटलं आणि कागद फाइलला लावला.

१४ सप्टेंबर, मंगळवार. सकाळपासून टाकीमागच्या वस्तीत नळाला थेंब नव्हता. फोनवर फोन. दहा वाजेपर्यंत तक्रारवहीत सेहेचाळीस नावं चढली, आणि त्यातल्या निम्म्यांनी कार्यालयातल्या लोकांचे वाडवडील काढले. वरची झडप अडकली होती. मिस्त्री शिडीवर चढले. अकरावी पायरी मोडली, आणि मिस्त्री बारा फुटांवरून खाली आले.

सगळे धावले आणि चार हातांवर थबकले. परिपत्रकच होतं तसं: कोणतीही घटना घडल्यास प्रथम छायाचित्र, मग हालचाल. शेरामास्तर कॅमेरा घेऊन धावत आले, पण सेल? स्टोअरकीपर चहाला गेला होता. तो आला, त्याने कुलूप उघडलं, रजिस्टर पुढे केलं.

"अहो, माणूस पडलाय!" शेरामास्तर ओरडले.

"म्हणून तर म्हणतो, सही पटकन करा."

सही झाली. शेरामास्तर गुडघ्यावर बसले. कॅमेरा डोळ्याला लावला.

"मेहुणे, चार सेकंद हलू नका हं."

"हलायला शिल्लक काय राहिलंय, दादा?" मिस्त्री कण्हत म्हणाले. "काढा एकदाचा!"

पहिला फोटो हलला. दुसरा स्पष्ट आला. त्यात मिस्त्रींचं तोंड उघडं होतं, पण ते 'झाला का?' विचारायला नव्हे. मग सेल निघाले, सह्या झाल्या आणि मिस्त्रींना इस्पितळात नेलं. पाय तीन ठिकाणी मोडला होता. संध्याकाळी दुसऱ्या मिस्त्रीने झडप सोडवली आणि वस्तीला पाणी आलं.

तीन महिने मिस्त्री खाटेवर होते. डिसेंबरात मुख्यालयाचं पत्र आलं. 'छायाचित्रावरून असे दिसते की सदर कर्मचारी १ जानेवारी १९९७ रोजी, सुट्टीच्या दिवशी, मध्यरात्री १२ वाजून २ मिनिटांनी, विनापरवानगी टाकीवर चढून पडला. सबब हा कामावरचा अपघात नव्हे. इस्पितळाच्या कागदावर १४ सप्टेंबर १९९९ आहे. यावरून कर्मचाऱ्याने उपचारास पावणेतीन वर्षे विलंब केल्याचे सिद्ध होते. मोडलेला पाय लपवून एवढा काळ शिड्या चढणे ही गंभीर बेशिस्त आहे. इस्पितळातील तीन महिने अनधिकृत गैरहजेरी धरून त्यास सेवेतून कमी का करू नये? कॅमेरा सुस्थितीत असल्याचा दाखला जोडावा.'

दाखल्यावर सही करायची ती कॅमेऱ्याचा ताबा असणाऱ्याने. म्हणजे शेरामास्तरांनी. ते तडक साहेबांकडे गेले.

"साहेब, हा शुद्ध अन्याय आहे. आपल्या डोळ्यांदेखत पडला तो."

"अगदी खरं," साहेब कळवळून म्हणाले. "तुम्ही लेखी द्या की कॅमेऱ्याची तारीख खोटी आहे. मी आजच्या आज पाठवतो. फक्त मग सगळेच फोटो खोटे. प्रशस्तिपत्र खोटं. आणि सदतीस जणांच्या रजा खोट्या. खोटी रजा घेणाऱ्याला शिक्षा काय, हे मला तोंडपाठ नाही. मंजुरीचे शेरे तुमचेच आहेत, तुम्हाला ठाऊक असेल."

शेरामास्तरांना ठाऊक होतं. ते बाहेर आले आणि टेबलाटेबलावर फिरले. माणसं दगड होती असं नाही. सगळे इस्पितळात फळं घेऊन जाऊन आले होते. टायपिस्टबाई तर तिथे हमसून रडल्या होत्या, आणि ते रडणं खरं होतं.

"सोन्यासारखा माणूस हो!" त्या आताही म्हणाल्या. "मास्तर, सांगायला मी कुठेही सांगेन. लिहून तेवढं मागू नका."

स्टोअरकीपर म्हणाला, "माझा संबंध फक्त सेलांशी."

त्या संध्याकाळी बहीण घरी आली. खुर्चीच्या कडेवर बसली.

"दादा, फोटो तूच काढलास ना?"

"हो."

"मग कुठला दिवस होता, तुला ठाऊक नाही?"

"अगं, ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं."

"मी कागदाला विचारायला आले नाही." ती पुढे म्हणाली. "ते रोज विचारतात, दादा काय म्हणाले? एकतीस वर्षांची नोकरी, आणि आता म्हणणार कामचुकार म्हणून काढला. काय सांगू मी त्यांना?"

शेरामास्तरांना बोलावंसं फार वाटलं. पण बोलण्याआधी त्यांना आपली नोकरी दिसली, पेन्शन दिसलं, सदतीस जणांचे चेहरे दिसले. ते म्हणाले, "बघतो." बहीण चहा न घेता उठून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखला लिहिला: 'कॅमेरा सुस्थितीत असून तारीख दाखवतो.' बरोबर दाखवतो, असं त्यांनी लिहिलं नाही. रात्रभर डोकं खाजवून ही पळवाट त्यांनी काढली होती. मुख्यालयाने ते वाक्य आपल्याला हवं तसंच वाचलं. शेवटची संधी म्हणून एक ओळ कळवली: महिन्याभरात बाहेरचा एखादा साक्षीदार मिळाल्यास फेरविचार करता येईल.

बाहेरचा! शेरामास्तरांनी कपाळावर हात मारला आणि तक्रारवही काढली. सेहेचाळीस नावं, सेहेचाळीस पत्ते. यांच्यातल्या कोणीही खोटी रजा घेतलेली नव्हती. यांना कोणाची भीती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेरा सोडून काही लिहिलं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तिकिटांनी सेहेचाळीस पत्रं: 'त्या दिवशी तुमच्याकडे पाणी नव्हतं आणि तुम्ही फोन केला होता. तुमच्या पाण्यासाठी वर चढलेला माणूस पडला. तो दिवस मंगळवार, १४ सप्टेंबर होता, एवढं एका ओळीत लिहून पाठवा. उपकार होतील.'

चार उत्तरं आली. एकाने लिहिलं, तारीख आठवत नाही, पण पाण्याला दाब अजून कमीच आहे. एकाला चौकशीच्या लफड्यात पडायचं नव्हतं. एकाने विचारलं, यात आमचा काय फायदा? आणि एका निवृत्त गृहस्थांनी कार्यालयांत माणुसकी कशी उरली नाही यावर सुंदर अक्षरात चार पानं लिहिली. त्यांत तारीख नव्हती. महिना संपला. मिस्त्रींना सेवेतून कमी केल्याचा हुकूम निघाला. तो टाइप करताना बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

हे वाचून तुम्ही चिडला असाल. कसली भेकड माणसं, म्हणाला असाल. म्हणा, तुमचा अधिकारच आहे तो. पण टाकीमागच्या वस्तीत तेव्हा तुम्हीही राहत होतात ना? त्या मंगळवारी सव्वानऊला तुमचा फोन आला होता. 'झोपलेत का सगळे?' असं तुम्ही विचारलंत, ते वहीत आहे. संध्याकाळी नळाला पाणी आलं आणि तुम्ही बादल्या भरून घेतल्या. पुढे शेरामास्तरांचं पत्रही तुम्हाला मिळालं. ते तुम्ही घरात सगळ्यांना वाचून दाखवलंत, 'बिचारा!' म्हणालात आणि सवडीने लिहू म्हणून घडी करून ठेवलंत. एका ओळीचं काम होतं.