सरकतं दुखणं

साकोलीच्या चंद्रकुमार टेलरनं जुनी रेसिंग सायकल घेतली आणि आठवडा संपायच्या आत त्याची मान आखडली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल धरायला तो इतका वाकायचा, की रस्ता बघायला मान उचलावी लागायची.

"विकून टाका ना," बायको रिता म्हणाली. "काहून त्रास करून घेता?"

"माप चुकलं हाये. माहं का सायकलचं, ते तं पाहू दे!"

त्यानं हँडल दोन बोटं वर घेतलं. मान सुटली, पण सगळा भार मागं गेला आणि कंबर धरली. सीट पुढं सरकवली. कंबर मोकळी, गुडघे बोलू लागले. सीट वर केली. गुडघे गप्प, बूड हुळहुळलं. मग सीटचं नाक जरा खाली झुकवलं, तर तो पुढं घसरून हातांवर आला आणि बोटांना मुंग्या आल्या. सुईत दोरा जाईना.

"आता धंदा बी बसन," रिता म्हणाली.

चंद्रकुमारला मात्र एकच कुतूहल, हे दुखणं आता जाईल कुठं? हँडलची उंची चालवता चालवता बदलून पाहावी, म्हणून त्यानं सकाळी निघताना त्याचा बोल्ट थोडा ढिलाच ठेवला.

नागझिऱ्याच्या रस्त्यावर वळण आलं. त्यानं हँडल वळवलं. हँडल वळलं, चाक सरळच गेलं. चाकाबरोबर सायकल, सायकलबरोबर चंद्रकुमार, थेट धानाच्या बांधीतल्या चिखलात. रोवणी करणाऱ्या बाया चिखलातून उभ्या राहिल्या.

"भाऊ, रस्ता तिकडं हाये," त्यांच्यातल्या ललिताबाई म्हणाल्या.

"माहीत हाये, बाई. हँडल तिकडंच गेलं होतं. चाकच नाही आलं."

बायांनी हसत हसत त्याला ओढून काढलं. पाना घरी राहिला होता, म्हणून तो सायकल ढकलत निघाला. चिखलानं माखलेला तो दारात दिसताच रिता घाबरली. "काय दुखून राहिलं?"

चंद्रकुमारनं मान फिरवली, कंबर वाकवली, गुडघे दाबले, बोटं उघडली-मिटली.

"कायच नाही!" तो आश्चर्यानं म्हणाला.

आता तो रोज सकाळी सायकल घेऊन नागझिऱ्याच्या रस्त्यानं जातो. बोल्ट घट्ट आवळलेला असतो. कुणी विचारलं, "पंचर झाली का?" तर सांगतो, "नाही जी. उंची एकदम बरोबर बसली."

आणि पुढं ढकलत जातो.