मापाला माप

तसबिरींच्या दुकानातली ती भिंत आत्याबाईंची होती. दुकान मुलाचं, हत्यारं सुनेच्या हातात, पण भिंत आत्याबाईंची. चौकटीत बसवलेले फोटो गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत रस्त्याकडच्या त्या भिंतीवर टांगायचे, आणि कुठला कुठे टांगायचा हे फक्त त्यांनी ठरवायचं. भिंतीला खण पाडलेले होते, एका खणात दोन तसबिरी. नियम एकच, मापाला माप. मोठ्याशेजारी मोठी, बारकीशेजारी बारकी. फोटोत कोण आहे आणि काय करतोय, याच्याशी आत्याबाईंना कर्तव्य नव्हतं. "चेहरे देवाने केलेत, चौकटी आपण. आपण आपलं बघावं," असं त्या म्हणत.

त्या दिवशी चार मोठ्या तसबिरी तयार झाल्या. एक हेडमास्तरांची. निवृत्तीच्या समारंभात भाषण चाललेलं, तोंड उघडं, तर्जनी उजवीकडच्या शेजाऱ्याच्या डोळ्यात जाईल अशी पुढे काढलेली. दुसरी नगरपालिकेच्या अध्यक्षसाहेबांची. साहेब खरं तर रोप लावत होते, पण फोटो मोठा करताना रोप कापलं गेलं आणि उरली ती नुसती खाली घातलेली मान. तिसरी औषधवाल्याच्या नातवाची. कोरड्या टबात बसवलेला, डोळे घट्ट मिटलेले आणि बोळकं टाळूपर्यंत उघडलेलं. चौथी वीटभट्टीवाल्याच्या लाडक्या गाढवाची. ते मोठ्या समजूतदारपणे समोर बघत होतं. चौघांत त्याचाच फोटो चांगला आला होता.

आत्याबाईंनी एका खणात हेडमास्तर आणि साहेब टांगले, दुसऱ्यात बाळ आणि गाढव.

सुनेने काच कापता कापता मान वर केली. "आत्याबाई, मास्तर आणि साहेब शेजारी नकोत."

"का गं? दोघं एका मापाचे आहेत."

"मास्तर साहेबांना रागावताहेत आणि साहेब मान खाली घालून ऐकताहेत, असं दिसतंय."

"फोटो काय एकमेकांशी बोलतात होय? काच काप तू. बोट कापून घेशील, मग तेही माझ्याच नावावर!"

"लोक हसतील, एवढंच म्हणते."

आत्याबाईंनी हातोडी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांच्या भिंतीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. समोरच्या शिंप्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ऐक. माझ्या भिंतीपायी एक जरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करून आत आलं, तर भिंत तुझी. पुन्हा खिळ्याला हात लावणार नाही!"

"मी साक्षीदार!" शिंपी मशीन थांबवून ओरडला.

दुपारच्या आतच दुकानासमोर माणसं थबकू लागली. अध्यक्षसाहेब लहानपणी याच मास्तरांच्या वर्गात बाकावर उभे असायचे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तासाभरात साहेब स्वतः आले.

"आत्याबाई, डोक्यावरचे केस गेले, तरी मास्तर मला भर रस्त्यात का झापताहेत?"

"कुठे झापताहेत? ते भाषण करताहेत, तुम्ही रोप लावताय."

"रोप कुठाय?"

आत्याबाई खिळे मोजू लागल्या. साहेब म्हणाले, "द्या, घेऊनच जातो."

"पॉलिश ओलं आहे. संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. शेजार बदलून देते, झालं?"

साहेब गेल्यावर सुनेने नुसतं पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "बघू नकोस. त्यांचं तोंड मुळातच वाकडं आहे. ते धरायचं नाही."

आत्याबाईंनी मागच्या दोऱ्या अलगद धरून तसबिरी हलवल्या. साहेब बाळाशेजारी गेले, मास्तर गाढवाशेजारी. मापाला माप. लांबून बघून त्यांनी मान डोलवली.

गावात दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. रिकामी घागर घेऊन जाणारी एक बाई दुकानापुढे थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, खरंच की! टब कोरडा, पोर रडतंय आणि साहेब बसल्या जागी झोपलेत!" तिच्या मागे आणखी दोन घागरी थांबल्या. त्यांच्या मागे हशा.

पलीकडच्या खणापाशी शिंपी उभा होता. मास्तर बोट उगारून शिकवत होते आणि गाढव मन लावून ऐकत होतं. शिंप्याने छातीवर हात ठेवला. "अरे, हा तर आमच्याच वर्गातला!"

"गाढवापुढे वाचली गीता, हे ऐकलं होतं. आज पाहिलं," कुणीतरी म्हणालं.

नेमके तेव्हाच हेडमास्तर छत्री टेकत आले. तसबिरीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि फोटोतल्यासारखंच बोट काढलं. "आत्याबाई! जन्मभर शिकवलं त्याचं हे फळ?"

"मास्तर, तुम्ही त्याच्याकडे बघूच नका ना."

"मी बघत नाही हो, तोच बघतोय माझ्याकडे!"

त्यांनाही पॉलिशची सबब सांगून आत्याबाईंनी वाटेला लावलं. सुनेने खाकरून घसा साफ केला.

"ते तोंड वाकडं करून नाही, तोंड उघडं टाकून आले होते," आत्याबाई म्हणाल्या. पण आवाजातली धार जरा बोथटली होती.

आता उरली होती एकच जोडी. मास्तरांना त्यांनी बाळाशेजारी दिलं आणि साहेबांना गाढवाशेजारी. मोठी तसबीर बारकीशेजारी लावावी, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यापेक्षा त्यांनी दुकानाला कुलूप घातलं असतं.

संध्याकाळी औषधवाला आला. "माझा नातू अजून रांगत नाही, आणि मास्तरांनी त्याला आत्तापासूनच रडवलं? त्याची आई बघेल तर काय म्हणेल?"

साहेब आले. आपण गाढवापुढे मान तुकवून उभे आहोत हे पाहून त्यांचा चेहरा विटेसारखा झाला. "निवडणूक तोंडावर आलीय, आत्याबाई! विरोधक म्हणताहेत, मतांसाठी हा कुणाच्याही पाया पडतो!"

मास्तर आले. शेवटी वीटभट्टीवालाही आला आणि कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "माझं जनावर कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर मोठ्या लोकांच्या संगतीत बसवून तुम्ही त्याची पार बदनामी केलीत."

चारही तोंडं वाकडी होती. त्यात सोडून देण्यासारखं एकही नव्हतं. दारात शिंपी कात्रीसकट उभा होता.

आत्याबाई भिंतीकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी चौकटीच्या आत पहिल्यांदाच पाहिलं. साहेब खरंच गाढवापुढे वाकले होते. हसू आलं, ते त्यांनी दाताखाली धरलं. मग हातोडी उचलून सुनेपुढे केली.

"घे. माझे हात दुखताहेत."

सुनेने साहेब आणि मास्तर पुन्हा एका खणात आणले.

"अगं, हे तर सकाळचंच!" आत्याबाई कळवळल्या.

"थांबा तर." सकाळी मास्तर डावीकडे होते, साहेब उजवीकडे. सुनेने साहेबांना डावीकडे टांगलं, मास्तरांना उजवीकडे. तसबिरी त्याच, माणसं तीच. पण आता मास्तरांचं बोट साहेबांवर नव्हतं, रस्त्यावर होतं. मास्तर साऱ्या गावाला ठणकावून काहीतरी सांगत होते आणि मागे साहेब मान खाली घालून लाजत होते.

मास्तरांनी चष्मा पुसला. "मी सांगतोय, की हा माझा विद्यार्थी आहे."

"आणि मला अवघडल्यासारखं झालंय," साहेब हळूच म्हणाले. मग मास्तरांकडे वळून, "सर, दोन्ही तसबिरी माझ्या कचेरीत लावू का? अशाच?"

"अशाच लाव. उलट लावल्यास तर बाकावर उभा करीन."

दोघं आपापली तसबीर उराशी धरून एकाच गाडीतून गेले. वीटभट्टीवाल्याने गाढव बगलेत मारलं. औषधवाला म्हणाला, पोराची आई माहेराहून येईपर्यंत बाळ राहू दे इथेच. शिंपी जाता जाता म्हणाला, "आत्याबाई, मी साक्षीदार आहे हं!"

"आहेस ना? मग माझ्या झंपराच्या बाह्या कधी शिवून देणार, तेही साक्षीने सांग!"

सकाळी आत्याबाई दुकानात आल्या, तेव्हा बाळाशेजारच्या खिळ्यावर त्यांची स्वतःची तसबीर होती. मुलाने हौसेने काढून घेतलेला फोटो. एरंडेल प्यायल्यासारखी दिसते म्हणून त्यांनी तो माळ्यावर तोंड भिंतीला करून ठेवला होता. ओठ आवळलेले, भुवया चढलेल्या.

त्या तोंड उघडणार, तोच दूधवाली थांबली. "अय्या, आत्याबाई! बाळ कसं खदखदून हसतंय, आणि तुम्हाला बाई हसू आवरता आवरत नाहीये!"

आत्याबाईंनी पुन्हा पाहिलं. काल दिवसभर भोकाड पसरून रडणारं ते पोर खरोखरच हसत होतं. आणि शेजारची म्हातारी, तिला कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखी, ओठ घट्ट मिटून बसली होती.

सून काच कापत होती. मान वर न करता म्हणाली, "काढू का, आत्याबाई?"

आत्याबाईंनी पदराने काचेवरची नसलेली धूळ पुसली.

"राहू दे. मापाला माप आहे."