आमची न्हाय, आमची घरात हाय!

आमच्या आळीत कुठेही धडाम झालं की जनूनाना ओटीवर येऊन ओरडतात, "आमची न्हाय! आमची घरात हाय!"

दिवाळीतला सुतळी बॉम्ब असो, रेवदंड्याच्या रस्त्यावर फुटलेला ट्रकचा टायर असो, नाहीतर माझ्याच कुकरचा उडालेला वॉल्व्ह असो. नानांचा खुलासा आधी, बाकीची चौकशी मागून.

'आमची' म्हणजे बंदूक. ठासणीची, वडिलांच्या वेळची. रानडुकरांपासून शेत राखायला सरकारने परवाना दिलेली. नळीवर नंबर कोरलाय आणि तो नानांना तोंडपाठ. रेशन दुकानदाराने मोबाइल नंबर मागितला, तर यांनी बंदुकीचा सांगितला. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची असते. नाना ती बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसतात. एकदा कंडक्टरने विचारलं, "नाना, म्हातारीचं तिकीट?"

"सरकारी कामाला चाललीय ती. पास हाय तिला."

मी आळीतली पहिली पदवीधर. बी.ए., तेही एकही विषय न राहता. मीच सांगते, कारण आळी सांगत नाही. डोंगरापलीकडे कुणीतरी चोरून डुक्कर मारलं, तेव्हा नाना निवांत होते. "कुनी मारला ता नंबरावरनं कळंल." तिथे मी शहाणपणा केला. "नाना, नंबर नळीवर असतो. बंदूक सापडली तर मालक सापडेल. नुसते छर्रे सापडले, तर ते कुणाच्या नळीतले हे सांगणं कठीण."

नाना पांढरे पडले. "मंग माझी न्हाय, ह्या कसा कळंल?"

तेव्हापासून ते ओरडू लागले. आळी त्याबद्दल अजून मला बोल लावते.

यंदा मुलाने पनवेलला ब्लॉक घेतला आणि नानांचं शेत बंगलेवाल्याला गेलं. हवालदार येऊन म्हणाले, "नाना, शेतच नाही तर राखण कसली? कायमची जमा करून टाका."

"शेत हाय," नाना म्हणाले. आणि घरामागे, न्हाणीच्या पाण्यावर, त्यांनी रताळी लावली. डुकरांचा आवडता खाऊ! मग रोज सकाळी चहाआधी वेल बघायला जायचे. सगळं गाव डुक्कर येऊ नये म्हणून कुंपण घालतंय आणि हे वाट बघतायत. डुक्कर काही आलं नाही.

मी म्हटलं, "देऊन टाका ना. जन्मात एकदा तरी उडवलीत का?"

"न्हाय बाय. मना मोठा आवाज सोसत न्हाय."

"मग ठेवता कशाला?"

नाना वेल सरळ करत बसले. मान वर न करताच म्हणाले, "पोराकडं माझा नंबर हाय. पन फोन येतो तो ठाण्यातनं. 'नाना, बरे हाव ना? बंदूक हाय ना घरात?' ती दिली, तर मना कोन शोधील?"

हवालदार पाहणीला आले त्या सकाळी रताळ्यांची एक सरी पार उकरलेली होती. बाजूला नाना उभे, लेंग्याला गुडघ्यापर्यंत माती. हवालदार वाकले. मातीत टिकावाचे घाव, शेजारी चपलेचा ठसा. इथे माग काढायला छर्रेबिर्रे काही लागणार नव्हते.

"मोठं डुक्कर दिसतंय."

"लय मोठा," नाना म्हणाले.

"चप्पल घालून येतं वाटतं."

नानांनी चपलेतले पाय मागे घेतले. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं.

"रानडुक्करच आहे साहेब," मी म्हणाले. "बी.ए.ला होतं आम्हाला."

हवालदार हसले. एक रताळं उचलून त्यांनी माती झटकली आणि गाडीच्या डिकीत टाकलं. "चालू द्या राखण. निवडणूक लागली की फोन करतो, नाना."

"कदी हाय निवडणूक?"

"आहे अजून लांब."

नाना गाडीमागे दोन पावलं गेले.

"मंग मदी येकदा करा की. बंदूक बरी हाय का, त्या इचारायला."