निकोलासाचे पाय

खाडीचं पाणी हिरवंगार झालं आणि मासे उलटे तरंगू लागले, तेव्हा पाणीखात्याने तातडीने, म्हणजे चौथ्या महिन्यात, इंजिनिअर बाल्दोमेरो यांना पाठवलं. दोन्या, म्हणजे बाई, निकोलासा खारफुटीच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून काळे खुबे, म्हणजे शिंपले, काढत होती. तीस वर्षं तिचं पोट याच चिखलावर होतं, आणि आता टोपलीतले निम्मे खुबे मेलेले निघत होते.

साहेबांनी बाटलीत पाणी घेतलं, नियमाप्रमाणे कागदातून गाळलं आणि तपासलं. "खतातलं स्फुरद नगण्य. पाणी स्वच्छ!"

"अहो साहेब, ते खत चिखलाला चिकटून येतं. तुम्ही चिखलच गाळून टाकलात की! तो बघा, कागदावर बसलाय."

"कागद आमच्या अखत्यारीत येत नाही, दोन्या. गाळासाठी वेगळं खातं आहे."

गाळखातं आलं. त्यांचा नियम असा, की नमुना आधी खाऱ्या पाण्यात तीनदा धुवायचा. मिठाच्या पाण्यात स्फुरदाने गाळाचा हात सोडला, धुवण खाडीत ओतलं गेलं आणि गाळही निर्दोष सुटला.

मासे मात्र मरतच होते. मग दोन्ही खात्यांची संयुक्त बैठक झाली. निकोलासाचे उरलेले खुबे लिंबू पिळून फस्त करण्यात आले आणि एकमताने ठरलं, की पाणी व गाळ यांच्या मध्ये जे तिसरं काही वावरतं, तेच दोषी. तिथे वावरत होते ते निकोलासाचे पाय.

पाय तपासण्यात आले. पाय गाळण्याचा किंवा धुण्याचा नियम नसल्यामुळे स्फुरद भरपूर सापडलं.

"अगं बाई! म्हणजे खाडीत खत मी टाकते होय?" निकोलासा कडाडली. "वरती केळीचे मळे आहेत. पाऊस पडला की त्यांचं खत इथे उतरतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

"साक्षीदार?" साहेबांनी गावाकडे पाहिलं.

संत पेद्रोच्या मिरवणुकीचा बँड दरवर्षी मळेवाले पाठवतात. गाव आभाळ न्याहाळू लागलं. त्या बँडात तुतारी फुंकणारा तिचा सख्खा भाऊ एलिओदोरो हळूच म्हणाला, "ताई, तू पाय जरा धुऊन जात जा ना."

तिचा खुबे काढण्याचा परवाना त्याच दिवशी रद्द झाला. आता निकोलासा काठावर उभी असते, पाय लख्ख, टोपली रिकामी. पाणी अजून हिरवंच आहे, आणि येणारा-जाणारा तिच्या पायांकडे संशयाने बघतो.

वाचकहो, त्या गावाला हसू नका. शीर्षक वाचल्यापासून तुम्हीही तिच्या पायांकडेच बघत होतात.