दिवसातून दोनदा दाढी

घर पाठीवर घेऊन फिरायला निघणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. म्हणून यंदा समुद्रावर निघताना मी जाहीर केलं, "घरातली एकही वस्तू सोबत येणार नाही. कपडे तेवढे चालतील." (हे शेवटचं वाक्य सासूबाईंचा चेहरा बघून घाईघाईने जोडलं.)

"आणि तुम्हालाच घरची आठवण आली तर?" बायकोने विचारलं.

"मला? आली तर पुढच्या वर्षीची सगळी सुट्टी तुझ्या भावाकडे काढीन!"

माझा मेहुणा हा काय प्रकार आहे ते ठाऊक नसल्यामुळे तुम्हाला या पैजेतलं धाडस कळणार नाही. तो पाहुण्यांना पहाटे उठवून गच्चीवर उड्या मारायला लावतो आणि जेवताना "चावा, अजून चावा" म्हणत समोर बसून राहतो.

भाड्याच्या घरात बॅगा उघडल्या आणि माझ्या हुकमाची किंमत कळली. सासूबाईंच्या बॅगेतून त्यांची उशी निघाली, लेकीच्या बॅगेतून तिचं पांघरूण, आणि बायकोच्या बॅगेतून चक्क आमचं पायपुसणं. समुद्रावर येताना पायपुसणं! वर तिघींनी पलंग आणि टेबल ओढून तिथली खोली थेट आमच्या घरच्या खोलीसारखी करून टाकली. खिडकीतून अख्खा समुद्र दिसत होता, आणि या बायका त्याच्याकडे पाठ करून मालिका बघत बसल्या. मी तुच्छतेने हसलो आणि दुपारचा जरा आडवा झालो.

झोप येईना. कूस बदलली, उशी उलटी केली, तरी येईना. शेवटी वर बघितलं तेव्हा उलगडा झाला. पंखा वाजतच नव्हता. आमच्या घरचा पंखा पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा वाजतो. लग्नापासून मी त्याला शिव्या देत आलोय, आणि आता त्याच्यावाचून डोळ्याला डोळा लागत नव्हता. समुद्र गाजत होता, पण त्याला मेल्याला काही शिस्त नाही. मध्येच दम खातो. बरं, कुणाला सांगायची सोय नाही, कारण डोळ्यांपुढे मेहुणा गच्चीवर उभा.

दुसऱ्या दिवशी तारवटलेल्या डोळ्यांनी बाजारातून जाताना कानावर आलं, खडखड, खडखड, टक! अगदी शेवटच्या 'टक'सकट! आवाज एका सलूनमधून येत होता. मी आत शिरलो, खुर्चीत बसलो आणि तोंडाला साबण लागायच्या आत घोरायला लागलो.

मग तसंच ठरून गेलं. सकाळी आणि दुपारी, "जरा किनाऱ्यावर चक्कर मारतो" म्हणायचं आणि सलून गाठायचं. पण सलूनवाला फुकट झोपू देईना. "खुर्ची गिऱ्हाइकासाठी आहे साहेब," म्हणाला. म्हणून आधी दाढी, मग केस, मग डोक्याची मालिश, आणि डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी मिशीचा बळी दिला.

"जावईबापू दिवसातून दोनदा दाढी करतायत," सासूबाई माझ्या बायकोला म्हणाल्या. (त्यांची कुजबुज शेजारच्या घरातही ऐकू जाते.) "आज तर मिशीही गेली. किनाऱ्यावर कोण आहे ते बघून ये."

"यांच्याकडे कोण बघणार आहे, आई!"

बायकोचा माझ्यावर केवढा हा विश्वास, असं मानून मी चप्पल घातली आणि सटकलो.

त्या दुपारी सलूनच्या खुर्चीत मला जाग आली ती शांततेने. पंखा बंद होता आणि बटणावर बायकोचा हात होता.

"अगं, लाव ना तो! घरच्यासारखी झोप लागली होती," मी अर्धवट झोपेत बोलून गेलो.

संपलं. सलूनवाल्याने वर चुगलीही केली, "रोज असेच झोपतात, ताई. पंखा बंद केल्याशिवाय उठत नाहीत."

"हरलो," मी मान खाली घालून म्हणालो. "कळव तुझ्या भावाला."

"छे हो, भावाकडे कशाला? पुढच्या वर्षीही इथेच येऊ. किती छान चाललंय!"

माझे डोळे भरून आले. एवढा मोठेपणा! इतकी वर्षं मी हिला ओळखलंच नव्हतं. मी तिचा हात धरणार, इतक्यात ती म्हणाली, "पहिल्या दिवशी एवढं सगळं मांडलं, तरी आम्हा तिघींना काही केल्या घरच्यासारखं वाटेना. काय चुकतंय तेच कळत नव्हतं. तुम्ही बाहेर राहायला लागलात तेव्हा लक्षात आलं. घरी तुम्ही दिवसभर ऑफिसात असता."

मग ती सलूनवाल्याकडे वळली.

"संध्याकाळपर्यंत ठेवाल ना यांना? डबा मी पाठवते."