तार चाटणारे गोमाजीकाका

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे असे विचाराल, तर मी गोमाजीकाकांचे नाव सांगेन. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि मला तिथवर पोचवणारा हा माणूस तार चाटत असे.

खरेच चाटत असे. मूळचे कोळशेतचे काका कल्याणला तारवाले होते. तारायंत्र बंद पडले की शिडी घेऊन निघत, खांबावर चढून तारेला जीभ लावत. "आंबट लागली तं जित्ती. नाय तं मेली!" साहेबाने दिलेले तपासणीचे यंत्र त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर वजन म्हणून ठेवले होते.

बिघाड शोधताना आधी मधला खांब गाठायचा, तिथवर तार जित्ती असेल तर उरलेल्याचा मध्य. तंबाखूची चंची हरवली तरी घराच्या मधोमध उभे राहून अर्धे घर बाद करीत. मी शहाडपलीकडच्या खेड्यातला, शाळेला कल्याणला येई. संध्याकाळी काकांच्या ओटीवर कंदिलापाशी अभ्यासाला बसे. भूमिती अडली की अक्षरशत्रू काका म्हणत, "कुठवर समजला? तिथवर तार जित्ती. आता पुढच्याच्या अर्ध्यावर जा."

मॅट्रिक झालो. मुंबईच्या कॉलेजाने पत्राने कळवले, आज सूर्यास्तापर्यंत तारेने होकार द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि नेमकी तार बंद!

मालगाडीच्या गार्डाला गळ घालून आम्ही पुढच्या तारघराच्या निम्म्या वाटेवर, दिवा स्टेशनात उतरलो. काकांनी तार चाटली आणि ते थुंकले. "खारट!"

चार खांबांपुढे एका बाईने दोरीला दगड बांधून ती थेट तारेवर टाकली होती. दोरीवर ओले बोंबील, आणि त्या ओलीतून तारेतली वीज जमिनीत मुरत होती.

"अगं बाय, सरकारची तार हाय ती!"

"रिकामीच तं असते! सकालपासून बगतंय, एक पन कागद गेला नाय."

"तुजं बोंबील वाट सोडतील तवा जाईल ना!"

दोरी उतरली. तिन्हीसांजेच्या आत माझा होकार गेला, जागा मिळाली. काका शिडीसकट नाचले.

मग कंदील पुसताना विचारले, "कवा जातंस?"

"सोमवारी."

"मंग सांच्याला हा कोनासाठी लावू?" आणि लगेच हसले, "तेल वाचंल, बरा झाला."

बी.ए. झाल्यावर मी त्यांना पत्र धाडले. स्टेशनमास्तरांनी ते वाचून दाखवले:

"तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार. पास झालो. कल्याणच्याच शाळेत नोकरी मिळाली. बिऱ्हाड अजून पाहिलेले नाही. आई म्हणते, आधी काकांना विचार. तुमच्या ओटीवर दुसरे अंथरूण मावेल का?"